दीड मीटरची केबल

"बाबा, दीड मीटरची पुरेल," लेक फोनवर म्हणाली आणि माझं टाळकंच सरकलं. दीड मीटर! ज्या माणसाची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात केबली ओढण्यात गेली, त्याला ही पोरगी कॅनडात बसून शिकवणार, की लॅपटॉप टीव्हीला जोडायला वायर किती लागते! मी म्हटलं, "बरं बरं, बघतो." ती म्हणाली, "बघतो नाही बाबा, आणा. एचडीएमआय म्हणायचं दुकानात, आणि दीड मीटर म्हणायचं." मी हं केलं. हं म्हणजे हो नव्हे, हे तिला तिच्या आईने कधीच शिकवून ठेवायला हवं होतं.

मूळ भानगड दाताची होती. नात सहा वर्षांची, आणि तिचा पुढचा दात पडला. दर रविवारी आमच्याकडे संध्याकाळ आणि त्यांच्याकडे सकाळ असते, तेव्हा व्हिडिओवर बोलणं होतं. त्या रविवारी तिने आ वासला आणि म्हणाली, "आजोबा, बघ!" मी फोन नाकाशी नेला, लांब धरला, चष्मा वर केला, खाली केला. माझ्या डोळ्यांच्या पडद्यांना काहीतरी झालंय. कडेकडेचं दिसतं, मधलंच नेमकं पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात, सुधारणार नाही, आहे ते सांभाळा. फोनच्या एवढ्याशा काचेवर मला नात म्हणजे एक गोरटा ठिपका दिसतो, वर काळे केस. मी म्हटलं, "अरे वा वा, दिसला की!" कार्टी भारी हुशार. म्हणाली, "कुठला पडलाय सांग. वरचा का खालचा?" मी म्हटलं, "खालचा." मग हळूच म्हणाली, "वरचा पडलाय आजोबा." आणि गेली खेळायला.

पुढे आठवडाभर मला दुसरं काही सुचेना. दाताचं खिंडार किती दिवस राहतं? नवा दात आला की संपलं. नातीच्या तोंडातली ती फट मला एकदा तरी नीट बघायची होती. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा, पुढचा दात पडेल तेव्हा मोठ्या काचेवर तरी दिसेल का, कुणी सांगावं? हॉलमध्ये चांगला भिंतभर टीव्ही आहे, बायको होती तेव्हा तिच्या मराठी मालिकांसाठी घेतलेला. त्यावर ती पोर दाराएवढी दिसली असती. लॅपटॉपही घरात होता. आईच्या दिवसांना आली तेव्हा लेक स्वतःचा जुना ठेवून गेली होती. अडलं होतं ते फक्त मधल्या वायरीवर.

आता मला कोणी विचारेल, की डोळ्यांचं लेकीला सांगून का नाही टाकलं? सांगतो. आईचे दिवस आटोपल्यावर आमच्या झाशी स्टेशनावर मी तिला सोडायला गेलो होतो, तेव्हा गाडी हलायच्या आधी ती मला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही इथे एकटे पडलात असं मला नुसतं वाटलं ना, तरी मी नोकरीबिकरी सोडून येईन. मग बोलायचं नाही." आणि ती येईल. आईवर गेलीय, एकदा म्हटलं की म्हटलं. नोकरी नवी, जावयाच्या कंपनीत आज राहतोय का उद्या जातोय अशी गत, पोर शाळेत नुकती रुळलेली. माझ्यापायी त्या तिघांची घडी विस्कटायची? छे! म्हणून मी थापा मारत होतो. डोळे एकदम छान. शेजारचे सकाळ-संध्याकाळ येऊन बसतात. लक्ष्मीतालाच्या काठावर आमचा कट्टा जमतो, हसून हसून पोट दुखतं.

कट्टा कसला डोंबलाचा! आम्ही तिघे होतो. एक पुण्याला मुलाकडे गेला, एक गेल्या थंडीत कायमचाच गेला. मी अजून जातो रोज लक्ष्मीतालावर, देवळाच्या बाजूला बसतो, दाणे खातो, परत येतो. शेजारचे वाईट नाहीत. दिसले की "राम राम बाबूजी, सब बढ़िया?" म्हणतात, मीही बढिया म्हणतो आणि दोघंही आपापली दारं लावतो. सोमवार ते शनिवार मी हिंदीत जगतो. आमच्या घरातली मराठी म्हणजे मी आणि बायको. मी भुसावळचा, रेल्वेने इथे आणून टाकलेला. ती इथलीच, कोण जाणे किती पिढ्यांमागे मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्यांपैकी. तिची मराठी माझ्याहून जुनी होती. कपाटाला फडताळ म्हणायची, आतल्या खोलीला माजघर. रेल्वेतून रिटायर होऊन घेतलेल्या दोन खोल्यांच्या घरात कसलं आलंय माजघर, म्हणून मी तिची फार चेष्टा करायचो. आता मीच म्हणतो माजघर. ऐकायला कोणी नसतं, पण म्हणतो.

तर केबल. सिग्नल खात्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. जमिनीखालून केबल टाकताना दोन्ही टोकांना जादा गुंडाळी सोडायची. उद्या कुठे कुदळ लागली, उंदराने कुरतडली, तर तेवढा तुकडा कापून पुन्हा जोड द्यायला केबल हाताशी हवी. मापात मापून केबल तोडणाऱ्याला आमचे साहेब सगळ्यांदेखत सोलून काढायचे. माझ्या हाताला ती सवय इतकी लागली, की मी धोतर वाळत घालायला दोरी बांधायची झाली तरी दोन हात जास्त सोडतो. बायको म्हणायची, तुमच्या पायजम्याच्या नाडीत तिघांच्या नाड्या निघतील.

बडा बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदार तरणाबांड, गळ्यात साखळी. त्याने काचेवर केबलींचा ढीगच ओतला. एकीची टोकं सोनेरी, दुसरी वेणीसारखी विणलेली, तिसरी नुसती काळी. म्हणाला, "अंकल जी, ये गोल्ड वाली ले लीजिए, पिक्चर एकदम मक्खन आएगी." मी म्हटलं, सोन्याचं मला काही सांगू नकोस भैया, लग्न करायचं नाहीये, टीव्ही लावायचाय. लांबी बोल. त्याने विचारलं, लॅपटॉप टीव्हीजवळच ठेवणार ना? मी म्हटलं, नाही, माझ्या खुर्चीजवळ. आणि भिंतीच्या कडेकडेने फिरवून न्यायची, वर दोन्हीकडे गुंडाळी. त्याच्याकडे सगळ्यात लांब होती पंधरा मीटरची. ती उचलली. तो जरा घुटमळला. "इतनी लंबी में कभी-कभी दिक़्क़त आती है, अंकल जी." मी म्हटलं, तुझ्या वयाहून जास्त केबल मी जमिनीत गाडलीय. बांध.

गुंडाळीचं खरं होतं, पण अर्धंच. खुर्चीजवळ लॅपटॉप हवा होता तो कॅमेऱ्यासाठी. लॅपटॉप समोर स्टुलावर ठेवला की त्यात नुसता माझा चेहरा येतो आणि मागे पांढरी भिंत. एवढंच तिला दिसायला हवं होतं. बाकीचा हॉल दिसून चालणार नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण बायको गेल्यापासून सगळं घर माझ्या खुर्चीभोवती गोळा झालं होतं. डाव्या हाताला चहाची इलेक्ट्रिक किटली, बिस्किटांचा डबा, औषधं. उजव्या हाताला पाण्याच्या बाटल्या, धुतलेले कपडे, न धुतलेले कपडे, छत्री, बॅटरी. मागे जमिनीवर गादी, कारण माजघरात झोपायला जायची हिंमत होत नाही. बायको शेवटी शेवटी आजारी होती तेव्हा हॉलमध्ये तिची कॉट यावी म्हणून सोफा देऊन टाकला होता. ती गेल्यावर कॉटही दिली. लाईनवर गेटमनची एवढीशी खोपटी, गुमटी असते ना, हात लांब केला की जग संपतं, तशी मी भरल्या घरात गुमटी मांडली होती. आणि गुमटीत दुसरा माणूस मावत नाही.

केबल मी अशी टाकली की आमचे साहेब असते तर पाठ थोपटली असती. भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या, कोपऱ्यात गोल वळण, कुठे ताण नाही. टीव्हीमागे एक गुंडाळी, खुर्चीखाली एक. दोन दिवस लागले, कंबर मोडली, पण मजा आली. कितीतरी दिवसांनी हाताला काम होतं.

रविवारी संध्याकाळी लॅपटॉप लावला. लेकीचा आवाज आला, आणि भिंतीवर, अहो, भिंतीवर माझी नात उभी राहिली! पूर्ण! फुलाफुलांचा फ्रॉक, खांद्यावर वेण्या. माझ्या तोंडून "अगो बाई" निघालं, जे मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. तिने आ वासला. आणि तेवढ्यात चुरमुरे उधळावेत तसे पांढरे ठिपके सगळीकडे नाचायला लागले, चित्र थरथरलं आणि गेलं. काळी काच. वर लिहून आलं, सिग्नल नाही. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. "आजोबा, दिसला?" "थांब गं राणी, थांब!" मी टोकं काढली, फुंकर मारली, परत खुपसली. कपाळ आलं, कान आला, दात काही आला नाही. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, जाऊ द्या, पुढच्या रविवारी बघू. केबल दीड मीटरचीच आणलीत ना?" मी म्हटलं, "हो."

त्या केबलीला मी त्या संध्याकाळी ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. दुकानदाराला दिल्या, कॅनडाला दिल्या. मग दमून बसलो आणि डोकं ताळ्यावर आलं. अरे गाढवा, वायर लांबली की तिच्यातून जाणारं वाटेत झिजतं, हे तूच नवीन पोरांना शिकवायचास ना? लांब पल्ल्याला मधे जोर द्यायची सोय लागते, हे तुझंच पोटापाण्याचं शास्त्र. घरात आलं की ते सगळं विसरलास, आणि लक्षात काय राहिलं, तर गुंडाळी! दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो पठ्ठ्या हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, एवढ्या लांबीला वेगळ्या जातीची केबल येते, जोर देणारी, पण ती दिल्लीहून मागवावी लागेल, वेळ लागेल. नातीचा दात दिल्लीच्या पार्सलसाठी थोडाच थांबणार होता? मी दीड मीटरची मागितली. सोनेरी टोकांची नको, साधीच दे, म्हटलं.

दीड मीटर म्हणजे लॅपटॉप टीव्हीला चिकटून. म्हणजे कॅमेरा पलीकडच्या भिंतीला आणि तोंड सगळ्या हॉलकडे. म्हणजे मी, माझी किटली, माझी गादी, माझी छत्री, सगळं कॅनडात. बराच वेळ मी ती केबल हातात घेऊन बसलो. एकदा वाटलं, मरू दे तो दात. पण मग तिचं ते हळूच "वरचा पडलाय आजोबा" आठवलं आणि उठलोच.

मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन येणार असलं की स्टेशनावर काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. दगडांना चुना, झाडांना गेरू, मोडकं-तोडकं सगळं मागच्या खोलीत कोंबायचं आणि कुलूप घालायचं. मी तेच केलं. शनिवारभर उपसत होतो. गादी माजघरात, कपडे माजघरात, डबे, बाटल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या ज्यांच्यावर कपडे होते त्या कपड्यांसकट माजघरात. तिथे पाऊल ठेवायला जागा उरली नाही. हॉल धुतला. खिडक्या पुसल्या. टीव्हीसमोर बरोबर मधोमध माझी वेताची खुर्ची ठेवली आणि लांब उभं राहून बघितलं. लखलखीत! एवढं स्वच्छ घर बायको असतानाही नव्हतं. मनात म्हटलं, साहेब, या आता, कोणता डाग सापडतो बघू.

रविवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. लॅपटॉप लावला, चार ढांगांत खुर्चीत येऊन बसलो. आणि नात आली. न थरथरता, न ठिपकता. एवढी मोठी, की मधलं पुसलं तरी कडेकडेने सगळी दिसत होती. मान जरा तिरकी केली की तोंडही दिसलं. तिने आ केला. वर, उजवीकडे, खिंडार! आणि खिंडारात तांदळाच्या कणीएवढा नवा दात डोकावत होता. मी ओरडलो, "वरचा! उजवा! आणि नवा आला गं लबाडे!" ती टाळ्या पिटत नाचली. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार, म्हणून मी पुसलीही नाही.

मग ती नाचायची थांबली. काचेजवळ आली आणि माझ्या मागेपुढे बघायला लागली. "आजोबा, तू शिफ्ट होतोयस?"

"मी? छे गं. का?"

"मग तुझं घर रिकामं का आहे? आम्ही शिफ्ट झालो तेव्हा आमचं पण असंच झालं होतं. आजीची खुर्ची पण पॅक केलीस?"

बायकोची खुर्ची. माझ्या खुर्चीची जोडी, तशीच वेताची. ती तर मी केव्हाच आत नेऊन ठेवली होती, उपसाउपशीच्या आधीच, तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून. लेक मागे बसली होती. ती पुढे वाकून काचेत बघायला लागली. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, आत आहे, साफसफाई काढली होती ना. थांब, आणतो," आणि उठलो.

माजघरात खुर्ची सगळ्यात मागे, गादीखाली दबलेली. मी डबे बाजूला करतोय, छत्री पायात येतेय, आणि हॉलमधून लेकीचा आवाज आला. टीव्हीचा आवाज मीच मोठा करून ठेवला होता, सगळ्या घरात घुमत होता. तिला वाटलं असणार, मी लांब गेलो. जावई हिंदी घरातला, त्याच्याशी ती हिंदीच बोलते. म्हणाली, "सुनो, वहाँ कोई नहीं आता. एक ही कुर्सी है. कोई आता, तो बैठता कहाँ?"

तो काहीतरी पुटपुटला. मग बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. ते सगळं आमच्या हॉलमध्ये, भिंतीएवढं.

इन्स्पेक्शनमध्ये साहेबाने नेमकं तेच पाहिलं, जे आम्ही चुना लावून झाकलं होतं. मी खुर्ची हातात धरून अंधारात उभा राहिलो. बाहेर जावं, तर तिला कळेल मी ऐकलं. न जावं, तर पोर वाट बघतेय. तिने नाक पुसलं, घसा खाकरला, नातीला "हसून दाखव हं आजोबांना" म्हणाली, ते सगळं ऐकून झालं. मग मी बाहेर आलो आणि खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ठेवली.

"किती वेळ लावलात, बाबा," ती म्हणाली. डोळे लाल. मोठ्या काचेवर मान तिरकी केली की मला दिसले.

"जड आहे गं खुर्ची."

ती वेताची खुर्ची. शाळेत असताना लेक हीच खुर्ची एका हाताने उचलून गच्चीवर अभ्यासाला न्यायची. तिने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हो बाबा," ती म्हणाली, "जडच आहे ती."

मग नातीने मला तिची शाळा सांगितली, बाईंचं कुत्रं सांगितलं, नव्या दाताचं नाव काय ठेवायचं ते विचारलं. मी शेजारच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसलो होतो. नोकरी सोडून येते, असं लेक म्हणाली नाही. मीही माझा कट्टा काढला नाही. शेवटी ती "ठेवू का बाबा? रविवारी बोलू" म्हणाली, तेव्हा इतके दिवस दाबून ठेवलेलं निघूनच गेलं तोंडातून.

"मधे एखाद्या दिवशी लावत जा गं. रविवार ते रविवार मला फार लांब पडतं."